पडद्यावरील सुलभता-नियंत्रणे : प्रस्तावना

स्मार्टफोनच्या पडद्यावरील अक्षरे मोठी करणे, ती फोनकडून मोठ्याने वाचून घेणे, रंग पालटणे, पडद्याचा एखादाच भाग वाढवून पाहणे, बाजूच्या कळा न दाबता त्यांची कामे पडद्यावरच्या तरंगत्या बटणाकडून करवून घेणे, समोरच्याचे बोलणे अक्षरांत उमटवणे आणि बोट न लावता केवळ आवाजाने किंवा बाहेरून जोडलेल्या एखाद्या कळीने फोन चालवणे, अशा सर्व सोयींना प्रस्तुत पुस्तकात ‘सुलभता-नियंत्रणे’ असे म्हटले आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या बहुधा ‘ॲक्सेसिबिलिटी’ या शीर्षकाखाली असतात आणि त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. तरीही ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज आहे अशा अनेकांनी ते शीर्षक कधी उघडलेले नसते, आणि ज्यांनी चुकून उघडले त्यांच्यापैकी पुष्कळांचा समज फोन बिघडल्याचा होतो. या पुस्तकात वापर आणि दुरुस्ती हे दोन विषय एकत्र घेतले आहेत, त्याचे कारण हेच आहे.

या सोयींचा उगम अंध व्यक्तींच्या गरजेत आहे. बटणांच्या जुन्या फोनवर पाचच्या आकड्यावर एक बारीक उंचवटा असे आणि त्याच्या आधाराने बाकीचे आकडे बोटाला सापडत. स्पर्शपडदा आल्यावर हा आधार नाहीसा झाला आणि हाताला लागेल अशी एकही खूण नसलेली सपाट काच उरली. आयफोनमधील व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमधील टॉकबॅक हे दोन पडदावाचक, म्हणजे बोटाखाली काय आहे ते बोलून सांगणारे कार्यक्रम, २००९ साली आले आणि त्यांनी त्या काचेला आवाज दिला. पुढे २०११ साली आयफोनमध्ये ‘असिस्टिव्हटच’ हे तरंगते बटण आले, तर २०१८ च्या अँड्रॉइड ९ बरोबर मोठ्या चित्रखुणांचा ‘ॲक्सेसिबिलिटी मेनू’ आला, ज्यातून आवाज कमीजास्त करणे, फोन कुलूपबंद करणे, सूचना पाहणे किंवा पडद्याचे चित्र टिपणे अशी कामे एकेका स्पर्शाने होतात. आज या सोयींचा उपयोग अंधांपुरता राहिलेला नाही. चाळिशी लागलेला शिक्षक, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकललेली आजी, मधुमेहामुळे दृष्टिपटल क्षीण झालेला दुकानदार, कंपवातामुळे बोट एका जागी न ठरणारा निवृत्त कर्मचारी आणि कोयत्याने बोटांची कातडी जाड झालेला ऊसतोड कामगार, या सर्वांचा फोनशी होणारा झगडा एकाच जातीचा आहे.

या विषयाचा विचार वारणानगराच्या पार्श्वभूमीवर करण्यास विशेष कारण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती दूध संघ, वारणा बाजार, शाळा, महाविद्यालये आणि १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय असा संस्थांचा परिवार वाढला, आणि सभासदाचे जवळजवळ सर्व आर्थिक व्यवहार या परिवारातून होऊ लागले. १९९८ साली याच परिसराची ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ या प्रकल्पासाठी निवड झाली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकांनी जोडावीत, गावोगावच्या केंद्रांतून शेतकऱ्याला ऊस नोंदीपासून बाजारभावापर्यंतची माहिती मिळावी, अशी ती योजना केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने, राज्य सरकारने आणि वारणेतील संस्थांनी मिळून आखली होती. देशभर तिची चर्चा झाली, कारण ग्रामीण भागात संगणक नेण्याच्या भारतातील अगदी सुरुवातीच्या मोठ्या प्रयत्नांपैकी ती एक होती.

या प्रकल्पाची पुढची हकीकत प्रस्तुत विषयाला अधिक जवळची आहे. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी या केंद्रांची पाहणी केली, तेव्हा गावातील संगणकाचा खरा उपयोग कारखाना आणि गाव यांच्यामध्ये उसाची व खताची आकडेवारी नेण्याआणण्यापुरता होत असल्याचे त्यांना दिसले. म्हणून त्यांनी ‘वारणा अनवायर्ड’ नावाचा प्रयोग केला, ज्यात तोडणीची परवानगी, उसाचे वजन आणि खताची उचल ही माहिती शेतकऱ्याला साध्या मोबाईलवरून संदेश पाठवून मिळवता येत असे. केंद्रात जाण्याचा हेलपाटा त्यामुळे टळला आणि हा लाभ निःसंशय मोठा होता.

मात्र त्या देवघेवीत एक व्यक्ती बाजूला पडली, आणि तिच्या जाण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. केंद्रातील चालक खातेक्रमांक विचारून घेत असे, स्वतः कळफलकावर बोटे चालवत असे आणि पडद्यावरचा आकडा समोरच्या माणसाला वाचून दाखवत असे. म्हणजे शेतकऱ्याचे डोळे अधू असोत, त्याला वाचता येत नसो किंवा त्याचे बोट थरथरत असो, यंत्राशी त्याचा थेट संबंधच येत नव्हता. गट ऑफिसातला कारकून आणि तोडणीची चिठ्ठी घेऊन येणारा चिटबॉय हेही याच प्रकारचे मध्यस्थ होते. मोबाईलने काम मध्यस्थाकडून काढून खुद्द सभासदाच्या हातात दिले, आणि स्मार्टफोनने ते आणखी गुंतागुंतीचे केले. २०२१ च्या खरिपापासून राज्यभर लागू झालेली ई-पीक पाहणी हे त्याचे ठळक उदाहरण आहे: सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून, शेतात उभे राहून, छायाचित्रासह करावी अशी तिची रचना आहे. दुपारच्या उन्हात उजळलेल्या पडद्यावर बारीक अक्षरांतून गट क्रमांक निवडणे, लहानशा चौकटीत क्षेत्राचा आकडा भरणे आणि मग ‘पुढे’ या बटणावर नेमके बोट टेकवणे या प्रत्येक पायरीवर कोणाला ना कोणाला अडचण येते. मध्यस्थ गेला तरी मध्यस्थाची गरज गेलेली नाही. ती आता घरातला नातू, शेजारचा पोरगा किंवा मोबाईल दुकानदार भागवतो, आणि त्यासोबत बँकेचा पिन, ओटीपी आणि खासगी संदेशही त्याच्या नजरेखाली जातात. सुलभता-नियंत्रणांचे महत्त्व या ठिकाणी आहे. जे काम पूर्वी केंद्रचालक करीत असे त्यातील बराचसा भाग, म्हणजे वाचून दाखवणे, मोठे करून दाखवणे आणि नेमक्या जागी बोट टेकवणे, फोन स्वतः करू शकतो, आणि तो हे काम मालकाचे गुपित दुसऱ्याला न सांगता करतो.

फोन हे काम कसे करतो हे समजल्याशिवाय त्यातील बिघाड उमगत नाहीत. पडद्यावर आपल्याला चित्र दिसते, परंतु फोनच्या आत त्या चित्रामागे घटकांची एक उतरंड असते: हे बटण, ही चौकट, हा मजकूर, ही यादी. प्रत्येक घटकाला नाव, प्रकार आणि स्थिती असते. पडदावाचक चित्र पाहत नाही, तो ही उतरंड वाचतो. म्हणून ‘पैसे पाठवा, बटण’ असे तो बोलतो तेव्हा ते शब्द ॲप तयार करणाऱ्याने त्या बटणाला दिलेले असतात. जेथे हे नाव दिलेले नसते, तेथे टॉकबॅक केवळ नाव नसलेले बटण असल्याचे सांगतो, आणि ऐकणारा अंध माणूस त्या बटणाने पैसे जातील की परत येतील याचा अंदाज बांधत बसतो. हा दोष फोनचा नाही, वापरणाऱ्याचा तर नाहीच नाही. तो ॲप बनवणाऱ्याच्या हलगर्जीपणाचा आहे आणि तो दूर करण्यास सहसा एका ओळीचे काम पुरते. टॉकबॅकमध्ये अशा बटणाला स्वतःचे नाव देण्याची सोय असते, तिचा उपयोग तात्पुरता आधार म्हणून करता येतो. तरी ॲपच्या पुढच्या आवृत्तीत बटणाची जागा बदलली तर ते नाव टिकेलच असे नाही.

पडदावाचक चालू असताना स्पर्शाचे नियमही बदलतात. एकदा बोट टेकवले की घटक केवळ निवडला जातो आणि त्याचे नाव ऐकू येते. तो उघडण्यासाठी पडद्यावर कोठेही लागोपाठ दोनदा टिचकी मारावी लागते. उजवीकडे बोट फिरवले की पुढचा घटक, डावीकडे फिरवले की मागचा, आणि यादी वरखाली सरकवायची तर दोन बोटे. हा बदल हेतुपूर्वक केलेला आहे, कारण ज्याला पडदा दिसत नाही त्याने चाचपडताना प्रत्येक स्पर्शाला काहीतरी उघडत गेले तर फोन वापरणे अशक्य होईल. परंतु ज्याला हे ठाऊक नाही आणि ज्याच्या फोनवर टॉकबॅक नकळत सुरू झाला आहे, त्याच्या अनुभवाला फोन ‘बोलायला लागला आणि टच गेला’ असेच येते. आवाज कमीजास्त करण्याच्या दोन्ही कळा एकाच वेळी सुमारे तीन सेकंद दाबून धरल्या की ठरवून दिलेली सुलभता-सोय चालू किंवा बंद होते, हा अँड्रॉइडमधील आडवाटेचा मार्ग आहे. खिशात, पिशवीत किंवा लहान मुलाच्या हातात त्या दोन्ही कळा दाबल्या गेल्या की टॉकबॅक सुरू होतो. त्याच कळा तितकाच वेळ पुन्हा दाबल्या की तो थांबतो. हे साधे ज्ञान नसल्यामुळे फोन ‘फॉरमॅट’ करून आतील छायाचित्रे, संपर्क आणि संदेश गमावण्याची वेळ माणसांवर येते, आणि हे नुकसान पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे. कळांचा मार्ग आधी नेमून दिलेला नसेल तर गूगल असिस्टंटला टॉकबॅक बंद करण्यास सांगता येते, किंवा वर सांगितलेले स्पर्शाचे नियम पाळून सेटिंग्जपर्यंत जाता येते. आयफोनमध्ये बाजूचे बटण तीनदा दाबण्याला हेच काम नेमून देता येते.

याच प्रकारचे आणखी काही आभासी बिघाड आहेत. पडदा एकाएकी अवाढव्य होऊन चित्रखुणांचा कोपराच तेवढा दिसू लागला, तर विशालन, म्हणजे पडद्याचा भाग वाढवून दाखवण्याची सोय, सुरू झालेली असते. अँड्रॉइडवर तिचा नेहमीचा संकेत लागोपाठ तीन टिचक्या आणि आयफोनवर तीन बोटांनी दोन टिचक्या असा आहे, आणि तोच संकेत पुन्हा दिला की पडदा पूर्वपदावर येतो. पांढऱ्याचे काळे आणि काळ्याचे पांढरे दिसू लागले, तर रंग-उलट सुरू आहे. सगळे करडे दिसू लागले, तर रंगसुधारणा किंवा झोपेच्या वेळेसाठीची ‘बेडटाइम’ सोय तपासावी. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे, की रंग-उलट ही प्रक्रिया चित्र पडद्यावर जाताना अगदी शेवटी होते, त्यामुळे पडद्याचे टिपलेले चित्र दुसऱ्याला पाठवले तर बहुधा त्यात रंग ठीकच दिसतात आणि पाहणाऱ्याला तक्रार खोटी वाटते. अशा वेळी दुसऱ्या फोनने काढलेले छायाचित्रच उपयोगी पडते.

तरंगत्या बटणाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याचा उपयोग आणि उपद्रव दोन्ही एकाच गुणातून येतात: ते नेहमी सर्वांच्या वर असते. ज्यांच्या फोनची बाजूची कळ झिजली आहे किंवा ज्यांच्या बोटांत ती दाबण्याइतका जोर नाही, त्यांना हे बटण फोनचे आयुष्य वाढवून देते. परंतु तेच बटण एखाद्या अर्जातील ‘सबमिट’वर किंवा कळफलकाच्या कडेवर बसले की खालचे बटण दाबले जात नाही आणि दाबणाऱ्याला ॲप अडकल्यासारखे वाटते. बटण दाबून धरून कडेला सरकवणे, त्याचा आकार लहान करणे, वापर नसताना ते फिकट होईल असे ठरवणे किंवा त्याऐवजी आवाजाच्या कळांचा मार्ग निवडणे, असे पर्याय अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत आहेत. ते मुळात नकोच असेल, तर ज्या सोयीसाठी ते बसवले आहे त्या सोयीच्या पानावरचा ‘शॉर्टकट’ बंद करावा लागतो. केवळ सोय बंद केली आणि शॉर्टकट तसाच राहिला, तर बटण पडद्यावर राहते आणि एका चुकीच्या स्पर्शाने सोय पुन्हा सुरू होते. या गोष्टीमुळे होणारा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण योजावे लागले.

उलट प्रकारची तक्रारही येते, ती म्हणजे सुरू केलेली सोय आपोआप बंद होण्याची. भारतात खपणाऱ्या अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्याच्या कडक व्यवस्था असतात, आणि पार्श्वभूमीला सतत जागे राहणारे कार्यक्रम त्या निर्दयपणे बंद करतात. बाहेरून घेतलेल्या सुलभता-ॲपला याचा सर्वाधिक फटका बसतो. संबंधित ॲपवरील बॅटरीचे बंधन उठवणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि ते बंधन प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये निराळ्या ठिकाणी दडलेले असल्यामुळे सेटिंग्जच्या माथ्यावरील शोधाच्या चौकटीत ‘बॅटरी’ किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ हा शब्द लिहून जाणे हाच सर्वांत भरवशाचा रस्ता ठरतो.

खऱ्या बिघाडाकडे वळताना प्रथम स्पर्शपडद्याचे भौतिक स्वरूप लक्षात घ्यावे लागते. आजच्या फोनचा पडदा दाबाने चालत नाही. काचेखालील पारदर्शक विद्युतवाहक जाळ्यात सूक्ष्म विद्युतक्षेत्र असते आणि वाहक असलेले बोट जवळ आले की त्या जागेची विद्युतधारिता बदलते, हा बदल फोन मोजतो. म्हणून राठ, कोरडी आणि घट्टे पडलेली बोटे पडद्याला नीट जाणवत नाहीत आणि माणूस अधिकाधिक जोराने दाबत राहतो, ज्याचा उपयोग शून्य असतो. पाण्याचा थेंबही वाहक असल्यामुळे धार काढून किंवा भांडी घासून आलेल्या ओल्या हाताने पडदा भलतीकडेच प्रतिसाद देतो. जाड संरक्षक काच लावली की बोट आणि जाळे यांतील अंतर वाढते. काही फोनमध्ये अशा वेळी स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते. निकृष्ट चार्जर जोडलेला असताना पडदा आपोआप टिचक्या मारू लागला, तर चार्जर काढून पाहणे ही पहिली परीक्षा, पडदा कोरड्या कापडाने पुसणे ही दुसरी आणि संरक्षक काच उतरवून पाहणे ही तिसरी. त्यानंतरही दोष राहिला तर फोन ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे बाहेरून घेतलेली सर्व ॲप तात्पुरती निजवून, सुरू करावा, त्या अवस्थेत दोष गेला तर कारण एखाद्या ॲपमध्ये आहे, आणि राहिला तर बहुधा पडद्यात. नवा डिस्प्ले बसवण्याचा खर्च करण्याआधी एवढी तपासणी घरच्या घरी होऊ शकते.

थरथरणाऱ्या आणि मंद हातांसाठीच्या सोयी या प्रदेशात सर्वांत उपेक्षित आहेत. किती वेळ बोट टेकवले म्हणजे ‘दाबून धरले’ असे समजावे, हा कालावधी वाढवता येतो. त्यामुळे बोट रेंगाळले की भलताच मेनू उघडण्याचा त्रास थांबतो. पडद्यावर क्षणभर येऊन जाणाऱ्या सूचना अधिक वेळ थांबाव्यात असेही अँड्रॉइड १० पासून ठरवता येते. मात्र या सोयीची मर्यादा स्पष्ट सांगणे आवश्यक आहे: बँकेच्या किंवा सरकारी योजनेच्या ओटीपीची मुदत फोन ठरवत नाही, ती सेवा देणाऱ्याच्या यंत्रणेत ठरलेली असते, आणि हळू चालणाऱ्या हातांसाठी ती वाढवणे हे त्या सेवेचेच कर्तव्य आहे. सगळी जबाबदारी वापरणाऱ्यावर आणि त्याच्या सेटिंग्जवर ढकलणारा विचार या पुस्तकाला मान्य नाही.

मराठी वाचकापुढे भाषेचा प्रश्न याहून निराळा उभा राहतो. बोलणारा आवाज ही पडदावाचकापासून वेगळी यंत्रणा असते. पडदावाचक मजकूर पुरवतो आणि ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ म्हणजे मजकुराचे उच्चारण करणारी यंत्रणा तो बोलते. गूगलच्या यंत्रणेत मराठी आवाज आहे, पण तो स्वतंत्रपणे उतरवून घ्यावा आणि निवडावा लागतो. तसे न केल्यास देवनागरी मजकूर हिंदी आवाजात येतो, त्यातील च आणि ज यांचे दंततालव्य उच्चार मराठी राहत नाहीत आणि २५ हा आकडा ‘पच्चीस’ होऊन बाहेर पडतो. उसाच्या बिलाचा किंवा दुधाच्या हिशेबाचा आकडा ऐकणाऱ्या वृद्ध स्त्रीला हा फरक किरकोळ नसतो. अक्षरे मोठी केली की देवनागरीची दुसरी अडचण दिसते: रोमन लिपीच्या उंचीवर आखलेल्या चौकटीत वरची वेलांटी, रफार आणि अनुस्वार किंवा खालचा उकार कापला जातो, आणि ‘दिन’ व ‘दीन’ यांतला भेद तर सोडाच, शब्दच ओळखू येईनासा होतो. अँड्रॉइड १४ मध्ये अक्षरांचा आकार दुपटीपर्यंत वाढवता येतो आणि आधीच मोठी असलेली शीर्षके त्या मानाने कमी वाढतात, त्यामुळे पडदा विस्कटत नाही. तरीही चौकट ताणली जाईल अशी ॲपची आखणी नसेल तर ही सुधारणा अपुरी पडते. आणि अक्षरेच नसतील तर काहीच वाढत नाही किंवा वाचले जात नाही. ग्रामपंचायतीची सूचना, संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस किंवा शाळेचे परिपत्रक छायाचित्र म्हणून व्हॉट्सॲपवर फिरते, तेव्हा पडदावाचकाला त्यात एकही अक्षर सापडत नाही. गूगल लेन्ससारख्या सोयीने चित्रातील देवनागरी ओळखून घेता येते, परंतु तोच मजकूर टंकित करून पाठवला असता तर हा खटाटोप वाचला असता. वारणेसारख्या ठिकाणी, जेथे हजारो सभासदांना एकाच वेळी सूचना जातात, तेथे हा बदल कोणताही खर्च न करता उद्यापासून होऊ शकतो.

ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्यासाठी २०१९ साली आलेली ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ ही सोय मराठी बोलणेही अक्षरांत उमटवते. गोंगाटात आणि कोल्हापुरी बोलीच्या वेगात ती चुकते, तरी दवाखान्यात डॉक्टरसमोर बसलेल्या माणसाला ती उपयोगी पडू शकते.

या विषयातील सर्वांत गंभीर प्रकरण सुरक्षिततेचे आहे. पडदावाचकाला काम करायचे तर पडद्यावरचे सर्व वाचण्याची आणि वापरणाऱ्याच्या वतीने बटणे दाबण्याची परवानगी द्यावी लागते, आणि नेमकी हीच परवानगी चोरालाही हवी असते. ई-चलन, बँकेचे केवायसी, शेतकऱ्यांसाठीची एखादी योजना अशा नावांच्या एपीके फाइल्स, म्हणजे अधिकृत दुकानाबाहेरून थेट फोनमध्ये बसणारी ॲप, व्हॉट्सॲपवरून पाठवल्या जातात. त्या बसवल्यावर ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात आणि ती मिळाली की संदेशातील ओटीपी वाचणे व पैशांचा व्यवहार पुरा करणे हे दोन्ही मालकाच्या नकळत करू शकतात. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून अशा बाहेरून आलेल्या ॲपना ही परवानगी सहजी देता येत नाही, मध्ये एक अडथळा घातलेला आहे. मात्र समोरचा माणूस फोनवर बोलत बोलत तो अडथळा ओलांडायला लावतो तेव्हा त्याचा उपयोग राहत नाही. सेटिंग्जमधील सुलभता-पानावर कोणकोणत्या ॲपना ही परवानगी दिलेली आहे याची यादी असते. तिच्यात अनोळखी नाव दिसले तर परवानगी लगेच काढावी, फोनचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विलंब न लावता तक्रार नोंदवावी.

या भीतीचा दुसरा परिणाम तितकाच चिंताजनक आहे. काही आर्थिक ॲप फोनवर कोणतीही सुलभता-सेवा चालू दिसली की इशारा देतात किंवा चालण्यास नकार देतात, आणि त्यामुळे चोराबरोबर अंध खातेदारही दारातून परत जातो. चोराला रोखण्यासाठी खातेदाराचे डोळे काढून घेणे हा उपाय होऊ शकत नाही. ओळखीच्या, फोनसोबतच येणाऱ्या पडदावाचकाला मुभा देऊन अनोळखी सेवेला रोखणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि तेच अपेक्षित आहे. कायद्याचा कौलही याच बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने माहिती व संपर्क तंत्रज्ञानातील सुलभतेची जबाबदारी शासनावर टाकली. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि केवायसीची प्रक्रिया सर्वांना करता येईल अशी करण्याचे निर्देश दिले. ॲसिड हल्ल्यात चेहरा व डोळे जायबंदी झालेल्या व्यक्तींना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून आपण जिवंत असल्याचे दाखवता येत नाही, हा त्या खटल्यातील प्रश्न होता.

कोल्हापूरला हा विचार परका नाही. ऐन तारुण्यात पाय निकामी झालेल्या नसीमा हुरजूक यांनी सहकाऱ्यांसह १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि ‘चाकाची खुर्ची’ या त्यांच्या आत्मकथनामुळे पायऱ्या, उंबरठे आणि अरुंद दारे यांचा प्रश्न मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. उतार बांधून शाळेचे दार खुले करण्याची ती मागणी आणि नाव नसलेल्या बटणाला नाव देण्याची ही मागणी एकाच हक्काच्या आहेत, असे प्रस्तुत पुस्तकाचे गृहीत आहे.

पुस्तकाचा वाचक म्हणून दोन माणसे डोळ्यांसमोर ठेवली आहेत: स्वतःच्या फोनशी झगडणारी व्यक्ती, आणि तिला मदत करणारी व्यक्ती, मग ती सेवा केंद्राची चालक असो, दूध संकलन केंद्रावरचा कर्मचारी असो, आशा कार्यकर्ती असो की घरातला नातू. मदत करणाऱ्यासाठी एक पथ्य सर्वत्र सुचवले आहे: फोन हातात घेऊन पटकन काम उरकून देण्याऐवजी तो मालकाच्याच हातात ठेवावा, काय करायचे ते बोलून सांगावे आणि पिन टाकण्याच्या वेळी तोंड फिरवावे. फोनच्या आवृत्त्या आणि कंपन्यांनुसार मेनूंची नावे बदलतात, म्हणून नावांपेक्षा कामाच्या क्रमावर भर दिला आहे. प्रकरणांची मांडणीही नेहमीपेक्षा वेगळी आहे. सोय सुरू केली आणि ती बंद करता आली नाही तर काय, ही धास्तीच लोकांना या सेटिंग्जपासून दूर ठेवते; म्हणून प्रत्येक प्रकरणात ती सोय बंद कशी करावी हे आधी सांगितले आहे आणि सुरू कशी करावी हे त्यानंतर.